झील धरणारी माणसं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी पायपेटी पुढ्यात घेऊन सोलापुरातल्या दोन पिढ्यांना गायला लावलं. म्हणून आज गाणं शिकण्याविषयीच बोलायचं मी ठरवलं.

माझ्याकडे गळा तयार करायला जी मुलंमुली येतात, त्यांच्यात अलीकडे दोन वेगळ्या मागण्या ऐकू येतात. काहींनी मोबाइलवर अरेथा फ्रँकलिन ऐकलेली असते, ओटिस रेडिंग ऐकलेला असतो. त्यांना अमेरिकेतलं सोल संगीत गायचं असतं. काहींना प्रल्हाद शिंद्यांसारखं गायचं असतं. तो पहाडी आवाज, ती वरच्या पट्टीतली साद त्यांना हवी असते. पहिली मुलं जुळे सोलापुरातली असतील आणि दुसरी एखाद्या भीमनगरातली, तर दोघांना एकमेकांच्या आवडीची ओळखही नसते. मला मात्र या दोन मागण्या सख्ख्या वाटतात, आणि त्या एकाच वर्गात बसवून शिकवाव्यात असं मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी सोल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी माणसांना ख्रिस्ती धर्म मिळाला, पण अक्षरओळख मिळू दिली गेली नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. मग चर्चमध्ये पुढारी माणूस स्तोत्राची एक ओळ म्हणायचा आणि जमलेली सगळी मंडळी ती ओळ उचलायची. प्रत्येकजण आपल्या ताकदीप्रमाणे ती लांबवायचा, वळवायचा. या सवयीतून काळ्या लोकांचं गॉस्पेल गाणं वाढलं. १९५४ साली रे चार्ल्स नावाच्या अंध गायकाने गॉस्पेलच्या एका गाण्याची धाटणी उचलली आणि तिच्यावर प्रेमाचे शब्द बसवले. ‘आय गॉट अ वूमन’ हे ते गाणं. देवाच्या चालीवर बाईचं गाणं म्हटलं म्हणून चर्चमधली बरीच माणसं दुखावली, आणि तरुणांनी ते डोक्यावर घेतलं. सोलची सुरुवात सांगताना या गाण्याचं नाव बहुतेक जण घेतात.

सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच गावात रामजोशी होऊन गेले. ब्राह्मण घरातला हा माणूस तमाशाच्या फडात उतरला, शृंगाराच्या लावण्या रचून गाजला आणि पुढे मोरोपंतांच्या संगतीने कीर्तनाकडे वळला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटामुळे ही कथा घराघरांत पोचली. रे चार्ल्स देवळातून रस्त्यावर आला, रामजोशी रस्त्यावरून देवळात गेले. दोघांचाही प्रवास शक्य झाला, कारण दोन्ही जागी गाण्याची मूळ शिस्त एकच होती. समोर माणसं बसलेली असतात, ती माना डोलावून ऐकून गप्प राहत नाहीत, ती उत्तर देतात.

हे उत्तर कुठून येतं याकडे मी पुढे वळेन. आधी नकलेविषयी बोलू, कारण मुलं येतात ती नक्कल करतच येतात, आणि त्यावरून त्यांना रागावणारे शिक्षक मला चुकीचे वाटतात.

रे चार्ल्स स्वतः कित्येक वर्षं नॅट किंग कोलसारखा गात होता. मऊ, गुळगुळीत, शब्द अलगद ठेवणारा तो गळा त्याने इतका उचलला होता, की लोकांना त्याच्यात नॅट कोलच ऐकू यायचा. त्यावर त्याचं पोट भरत होतं. लोक आपल्याला नॅट कोलची सावली म्हणून ओळखतात, आपलं नावही त्यांना ठाऊक नसतं, हे त्याला बोचू लागलं तेव्हा त्याने लहानपणी चर्चमध्ये ऐकलेला आवाज गळ्यात येऊ दिला. ओटिस रेडिंगची सुरुवात लिटल रिचर्डच्या नकलेने झाली. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कुमार गंधर्वांचं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा ग्रामोफोनवर ऐकलेल्या मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गायचा. सात-आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यातून उस्तादांच्या ताना निघायच्या आणि सभा थक्क व्हायच्या. अकराव्या वर्षी तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला गेला, आणि तिथे नकलेचं गाणं हळूहळू विचाराचं गाणं झालं.

भीमसेन जोशींचं उदाहरण याहून वेगळं आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांना ते मी मुद्दाम सांगतो. गदगच्या या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि असं गायचं म्हणून घर सोडलं. बरीच वणवण करून १९३६ साली तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचला, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. पण खाँसाहेबांचा आवाज बारीक, रेशमी, आणि भीमसेनांचा रुंद, भरदार. त्यांनी आपला आवाज बारीक करायचा प्रयत्न केला नाही. सुरावर थांबायचं कसं आणि एकेक स्वर पुढे कसा वाढवायचा, हे त्यांनी घेतलं. रेकॉर्डने त्यांना घराबाहेर काढलं, शिकवलं मात्र माणसाने.

नकलेत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, याची कसोटी मला कुमारांच्याच पुढच्या आयुष्यात सापडते. १९४७ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठलं, ते देवासला राहायला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं. परत गायला लागले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं. लांब दमाच्या ताना आता शक्य नव्हत्या. त्यातून तो लहान लहान, धारदार सुरावटींचा आणि मध्ये अर्थपूर्ण थांबणारा गायनप्रकार घडला. पुढे अनेकांनी त्यांची नक्कल केली. धडधाकट फुफ्फुसांची माणसं तसे तुटक सूर फेकू लागली, आणि ते ऐकताना आतलं काहीच हलेना. कुमारांच्या गाण्यातली शांतता श्वास वाचवण्यातून आली होती. नकलाकारांनी शांतता घेतली आणि तिचं कारण घेतलं नाही.

म्हणून कुणाची शैली शिकायची तर आधी त्या माणसाचा श्वास ऐकायचा. गाणं लावायचं आणि कागदावर खुणा करायच्या, गायिका कुठे श्वास घेते, कुठे घेत नाही, कुठे तो ऐकू येऊ देते. अरेथा फ्रँकलिनच्या बाबतीत हे केलं की ध्यानात येतं, ती ओळीच्या शेवटी श्वास घेत नाही. बऱ्याचदा ओळ मध्येच तोडते, एका शब्दावर थांबते आणि पुढची ओळ श्वास न घेता पकडते. तिच्या अलंकारांपेक्षा हे शिकायला कठीण आहे. अलंकार बहुधा पाच स्वरांतच फिरतात. आपल्या मुलांनी भूप गायलेला असतो, भीमपलास, मालकंस घोटलेले असतात. सोलमधल्या हरकती त्यांना पंधरा दिवसांत जमतात.

जमत नाही तो गंधार. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात एक असा गंधार आहे, की तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही. दोन्हींच्या मधून, खालून वर सरकत तो येतो. हार्मोनियमवर तो वाजतच नाही, कारण तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. पियानोवरही नाही. म्हणून तिकडचे वादक कोमल आणि शुद्ध अशा दोन शेजारच्या पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून त्या गंधाराची आठवण करून देतात. आमच्याकडे सगळं शिक्षण पेटीवर चालतं. गुरुजी स्वतः अव्वल पेटीवादक होते, तरी अशा जागांसाठी ते पेटी बंद करून तानपुरा लावायला सांगत. मीही तेच करतो. तानपुऱ्यावर षड्ज-पंचम स्थिर असताना मुलांनी कोमल गंधार लावायचा आणि अगदी हळूहळू शुद्धाकडे जायचं, वाटेत जिथे अंगावर काटा येतो तिथे थांबायचं. आपल्या कितीतरी जात्यावरच्या ओव्यांत आणि गोंधळ्यांच्या गाण्यांत असे स्वर कानावर येतात. ते मुलांनी आजीकडून ऐकलेले असतात. संगीत परीक्षांच्या तयारीत आपण ते पुसून टाकतो.

लयीचीही अशीच एक अडचण आहे. आपला कान समेकडे धावतो. चर्चमध्ये टाळी पडते ती चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि गायिका त्या टाळीच्याही किंचित मागे राहते. मुलांना मी केरव्यातलं एखादं ओळखीचं भजन म्हणायला लावतो आणि टाळी दुसऱ्या-चौथ्यावर द्यायला सांगतो. सुरुवातीला हात आणि गळा एकमेकांशी भांडतात. ज्यांनी दिंडीत टाळ वाजवलेला आहे ती मुलं यातून लवकर सुटतात, कारण पाय एका ठिकाणी, टाळ दुसऱ्या ठिकाणी आणि गळा तिसऱ्याच ठिकाणी ठेवायची त्यांच्या अंगाला सवय असते.

आता त्या खरखरीत, फाटल्यासारख्या आवाजाबद्दल. दोन्ही गटांतल्या मुलांना तोच आधी हवा असतो, आणि इथे मी कडक होतो. बोलताना पुरुषाच्या गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात, स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. तार षड्जाला हा आकडा आणखी दुप्पट-अडीचपट होतो. अशा वेळी गळा आवळून आवाज ढकलला तर तंतूंना सूज येते, आणि रोज तेच केलं तर तिथे गाठी धरतात. जाणते गायक ती खरखर स्वरतंतू आवळून काढत नाहीत. तंतूंच्या वरच्या भागात ज्या आणखी दोन घड्या असतात त्या हलक्या थरथरतात, आणि खाली श्वास मोकळा वाहतो. हे वर्षानुवर्षांच्या सवयीने साधतं. तरीही धोका टळत नाही. ओटिस रेडिंगने काही वर्षं जिवाच्या आकांताने गायल्यावर १९६७ मध्ये त्याच्या घशाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर काही आठवडे मौन पाळावं लागलं. मौन सुटल्यावर त्याने जे गाणं रेकॉर्ड केलं ते होतं ‘डॉक ऑफ द बे’. त्यात ओरडणं नाही, घाई नाही, किनाऱ्यावर बसलेल्या माणसाचा सैल आवाज आहे. त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ रोजी, विमान अपघातात तो गेला. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता. त्याच्यासारखं गायचं म्हणणाऱ्या मुलाला मी आधी हे शेवटचं गाणं देतो. तो मुलगा म्हणतो, यात तर काहीच नाही. महिनाभराने म्हणतो, हे सगळ्यात अवघड आहे.

रसिकहो, इथवर गळ्याचं झालं. आता मघाशी बाजूला ठेवलेल्या उत्तराकडे येतो, आणि माझ्या मते खरा विषय तिथेच आहे.

अरेथा फ्रँकलिन डेट्रॉइटच्या एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाची मुलगी. वडिलांच्या न्यू बेथेल चर्चमध्ये ती लहानपणापासून गायची, महेलिया जॅक्सन आणि क्लारा वॉर्ड यांच्यासारख्या थोर गायिकांचं तिच्या घरी येणंजाणं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिला घेतलं आणि पाचसहा वर्षं वाद्यवृंदांपुढे सुबक गाणी गाऊन घेतली. आवाज तोच होता, पण म्हणावं तसं यश येईना. १९६७ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या जेरी वेक्सलर या निर्मात्याने तिला अलाबामातल्या एका छोट्या स्टुडिओत नेलं आणि पियानोवर बसवलं, चर्चमध्ये बसायची तशी. त्याच वर्षी ‘रिस्पेक्ट’ आलं. ते मुळात ओटिस रेडिंगचं गाणं, घरी आल्यावर बायकोने मान द्यावा म्हणणाऱ्या पुरुषाचं. अरेथाने ते बाईच्या तोंडी दिलं, आणि मागे झील धरायला तिच्या दोन बहिणी उभ्या राहिल्या, अर्मा आणि कॅरोलिन. त्या बहिणींचे आवाज काढून टाका आणि ते गाणं ऐका, अर्धं गाणं नाहीसं होतं. पुढे जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये तिने सलग दोन रात्री भरल्या मंडळींसमोर गाऊन ‘अमेझिंग ग्रेस’ ही तबकडी केली. तिचं चित्रीकरणही उपलब्ध आहे. एकेका शब्दावर ती थांबते, मंडळींतून हुंकार येतो, कुणी उभं राहतं, आणि त्या हुंकारावर पाय देऊन तिचा पुढचा सूर वर जातो. ते हुंकार आले नसते तर तो सूर तिथे गेला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते, तुकोबांची अकलूजकडून येते. दिंडीत दोन्ही बाजूंनी टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये वीणेकरी आणि पखवाजी. पुढचा माणूस अभंगाचं चरण टाकतो, रांगा ध्रुपद उचलतात. चालता चालता, ऊन-पावसात, दिवसभर. पुढच्याचा गळा बसला तर मागचा कुणी चरण घेतो, कुणी कुणाला परवानगी विचारत नाही. शेकडो अभंग पाठ असलेल्या निरक्षर माणसांची ही शाळा अमेरिकेतल्या त्या चर्चइतकीच पक्की आहे. दोन्हीकडे कारण एकच होतं, ज्यांच्या हाती पोथी नव्हती त्यांनी ती कंठात ठेवली.

आणि दोन्हीकडे दार बंद असल्याची वेदना आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा विठ्ठलाच्या दाराबाहेरून गायले. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून त्यात ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. दार त्यांच्या लोकांना उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना तिथे प्राणांतिक उपोषण करावं लागलं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपला आवाज आत पोचवायचा असतो. वरची पट्टी, लांबवलेला सूर, शब्दाचा स्पष्ट ठोका, ही त्या गायकीची वैशिष्ट्यं मला या उभं राहण्याच्या जागेशिवाय समजावून सांगता येत नाहीत.

प्रल्हाद शिंदे या परंपरेतले. मंगळवेढ्याचे लोक त्यांना आपल्या मातीतले मानतात, आणि ते योग्यच आहे. दलित कुटुंबातला हा गायक कव्वालीच्या पार्ट्यांतून पुढे आला, भीमजयंतीच्या मंचांवर गाजला आणि विठ्ठलाच्या गाण्यांनी महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात शिरला. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आज ज्या घरांत पहाटे लागतं, त्यांतल्या कितीतरी घरांच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या आजोबांना थांबावं लागलं असतं. त्यांचा गळा ऐकताना कव्वाली, भजन आणि भीमगीत वेगळी काढता येत नाहीत. कव्वालीने त्यांना ओळ फेकायला शिकवली, म्हणजे शब्दाचा शेवट असा वर टाकायचा की मागच्या कोरसला तो झेलावाच लागेल. भजनाने ठहराव दिला. भीमजयंतीच्या मंचाने समोरच्या हजारांच्या डोळ्यांत बघायची सवय दिली. त्यांच्यानंतर आनंद आणि मिलिंद या मुलांनी आणि आदर्श या नातवाने तो वारसा चालवला. लोक त्याला कौतुकाने शिंदेशाही म्हणतात. आदर्शने २०१३ च्या ‘दुनियादारी’ चित्रपटात गायलेलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ ऐका. आजोबांची साद त्यात आहे, पण मायक्रोफोनजवळ आलेली, आतल्या आत वळलेली. त्याने आजोबांचा गळा काढला नाही, आजोबांचं मागणं स्वतःच्या काळात म्हटलं. वारसा याला म्हणावा.

रे चार्ल्स आणि प्रल्हाद शिंदे एकाच महिन्यात गेले, जून २००४ मध्ये, दोनेक आठवड्यांच्या अंतराने. दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या महिन्यात इथल्या आणि तिथल्या वर्तमानपत्रांत जे मृत्युलेख आले असतील ते कुणीतरी शेजारी ठेवून वाचावेत, असं मला फार वाटतं.

बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा उल्लेख केल्याशिवाय सोलापुरात आवाजाबद्दल बोलता येणार नाही. १९१६ साली जन्मलेले मेहबूब पटेल, गिरणीत काम केलेले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं करणारे. ओव्यांचं धन त्यांना आईकडून मिळालं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारोंच्या मैदानाच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज जायचा. त्यांच्याही मागे झीलकरी असायचे, आणि पोवाड्यातली ती झील मागून आली नाही तर शाहिराला पुढचा चौक उचलता येत नाही. त्यांची लेक कवयित्री मलिका अमर शेख, जावई नामदेव ढसाळ. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या संस्थापकांतले हे ढसाळ. ज्या वर्षी अरेथा चर्चमध्ये परतून गात होती, त्याच वर्षी हे घडत होतं. दोन चळवळींच्या नात्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, दोन्हींच्या गाण्यांचं नातं अजून नीट मांडलं गेलेलं नाही.

इंग्रजीत गायचं की मराठीत, असं मुलं विचारतात. सोलापूरचा कान मुळातच एका भाषेचा नाही. सिद्धेश्वरांची वचनं कन्नड, पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली भजनं तेलुगू, उरुसातली कव्वाली उर्दू, आणि भजनी मंडळ मराठी. कानडी भीमसेनांनी मराठी अभंग असा गायला, की तो आता त्यांच्या आवाजाशिवाय आठवत नाही. तेव्हा इंग्रजी गाणं जरूर म्हणा. पण गळ्यात ते रुजायला हवं असेल तर आपल्या भाषेत एक गाणं त्याच तऱ्हेने बांधून पाहा. अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आलं, शाळा काढल्या, आणि त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य चालींची स्तोत्रंही आली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मात्र ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि देशी चालींवर आणली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. म्हणून त्यांची भजनं मराठी ख्रिस्ती माणसांच्या तोंडी राहिली. गुलामांनी गोऱ्यांच्या स्तोत्राचं जे केलं, तेच टिळकांनी इकडे वेगळ्या परिस्थितीत केलं.

आता शेवटची आणि कामाची गोष्ट. आजची मुलं ट्रॅकवर शिकतात. ट्रॅक म्हणजे गाण्यातला मूळ गायक काढून उरलेलं वादन. सूर सांभाळायला, ताल पक्का करायला तो चांगला आहे. पण ट्रॅक थांबत नाही. तुम्ही एखाद्या शब्दावर हेलावून गेलात तरी तो पुढे निघून जातो, आणि तुम्ही कोरडेच गायलात तरी तो तितक्याच उत्साहाने वाजतो. उत्तर देणाऱ्या माणसांचं गाणं उत्तर न देणाऱ्या यंत्रापुढे शिकायला बसवलं की मुलं उत्तराऐवजी आवाजाची खरखर वाढवतात. गाठी तिथून होतात.

म्हणून माझ्या वर्गात पहिले काही महिने मायक्रोफोन नसतो आणि ट्रॅक नसतो. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, आणि पाळी बदलत राहते. अरेथावाली मुलं आणि शिंदेवाली मुलं एकाच सतरंजीवर बसतात. प्रत्येकाला पुढे गाण्याआधी मागे म्हणावं लागतं. मागे म्हणताना पुढच्याचा श्वास कळतो, तो ओळ कुठे सोडणार हे आधी ओळखावं लागतं. दिंडीतल्या आणि कव्वालीच्या पार्टीतल्या पोरांनी हेच केलेलं असतं.

यात मला आपली मदत हवी आहे. कॅसेटच्या काळात, १९८० च्या आगेमागे, या जिल्ह्यातल्या अनेकांनी भीमगीतांच्या, भक्तिगीतांच्या आणि कव्वालीच्या ध्वनिमुद्रणांत कोरस दिला. कॅसेटवर मुख्य गायकाचं नाव असायचं, गीतकार-संगीतकाराचं असायचं, कोरसचं बहुधा नसायचं. त्यांतली काही माणसं आज साठी-सत्तरीत आपल्यात असतील. कुणी विडी कारखान्यातून निवृत्त झालेली, कुणी यंत्रमागावर राबलेली. ओळ कुठे झेलायची, झील किती लांबवायची, मुख्य गायक चुकला तर त्याला सांभाळून कसं घ्यायचं, हे त्यांच्या गळ्यात आहे आणि कुठल्याही पुस्तकात नाही. आपल्या गल्लीत, नात्यात असं कुणी असेल तर नाव आणि कुठल्या पार्टीत गायलं एवढं लिहून संयोजकांकडे द्या. मुलांना घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. आधी ते पुढे म्हणतील आणि आम्ही मागे.